समोर डोकं हवं

वकिलाच्या दुकानात केस कापून घ्यायला असं कुणी येत नसे. म्हणजे केस कापले जायचे, दाढ्याही व्हायच्या, आणि त्या चांगल्याच व्हायच्या. पण लोक यायचे ते ऐकायला. तीन खुर्च्या मावतील एवढी जागा असून त्याने एकच ठेवली होती आणि उरलेल्या भिंतीला लांबलचक बाकडं टाकलं होतं. डोकं एकाचं, ऐकणारे सात. कटिंग झालेला माणूसही घरी जायचं नाव घ्यायचा नाही. केस झटकून तो बाकड्याच्या टोकाला जाऊन बसायचा, कारण गोष्ट अर्ध्यावर असायची.

माणूस सलूनवाला, शिक्षण सातवी, आणि नाव पडलं होतं वकील. अधूनमधून कुणीतरी अनोळखी माणूस कागदपत्रांची पिशवी छातीशी धरून दारात यायचा आणि विचारायचा, "वकीलसाहेब इथेच ना?" वकील त्याला आधी खुर्चीत बसवायचा, गळ्याला कापड बांधायचा, आणि अर्धी कटिंग झाल्यावर खरं काय ते सांगायचा. अर्ध्या कटिंगवर उठून जाणार कुठे बिचारा!

त्याच्या हातात एक कसब होतं, ते दुसऱ्या कुणाला जमलं नाही. गालावर वस्तरा फिरतोय, तोंडाने गोष्ट चाललीय, आणि हशा पिकायच्या बरोबर एक शब्द आधी वस्तरा हवेत. गिऱ्हाईक पोट धरून हसलं तरी ओरखडा म्हणून नाही. इतक्या वर्षांत तुरटीचा खडा झिजला तो फक्त रिवाज म्हणून.

मग आवाज बसला. लोक म्हणाले, एवढं बोलल्यावर बसणारच, यंत्राला पण विश्रांती लागते. गुळण्या झाल्या, काढे झाले, थट्टा तर रोजचीच झाली. तीन महिने झाले तरी घसा काही सुटेना, तेव्हा बायकोने त्याला हाताला धरून दवाखान्यात नेलं. घशात नळी घालून बघितलं, तुकडा तपासायला पाठवला, आणि आठ दिवसांनी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून काही आडपडदा न ठेवता सांगितलं. गाठ वाईट आहे. स्वरयंत्र काढावं लागेल. काढलं तर माणूस वाचेल. श्वास मानेला केलेल्या भोकातून घ्यायचा, आणि बोलणं बंद.

"बंद म्हणजे किती दिवस?" वकिलाने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"कायमचं," डॉक्टर म्हणाले. "पुढे गळ्याला लावायचं एक मशीन मिळतं. थोडंफार बोलता येतं. पण सगळ्यांना जमतंच असं नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका."

रक्तातली साखर भलतीच वाढलेली होती, ती आधी खाली आणायची होती. त्यामुळे ऑपरेशन पाच आठवड्यांनी ठरलं.

घरी येईपर्यंत वकिलाच्या डोळ्यांपुढे वस्ताद होते. ज्यांनी त्याला वस्तरा धरायला शिकवलं, ते म्हातारे वस्ताद. सहा वर्षांपूर्वी त्यांचंही हेच झालं होतं. लोक त्यांना भेटायला जाताना कागद-पेन घेऊन जायचे आणि वस्ताद ते हाताने बाजूला सारायचे. खिडकी होती, रस्ता होता, रस्त्यावर ओळखीची माणसं होती. पण वस्ताद खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायचे. वकील गेला होता, तासभर एकटाच बडबडून आला, म्हाताऱ्याने मान म्हणून वळवली नाही. वर्षाच्या आत ते गेले. डॉक्टरांनी कारण काहीतरी वेगळं लिहिलं असेल. वकिलाच्या मते ते गप्प बसून गेले.

"मी तसा बसणार नाही," घराचं कुलूप काढता काढता तो बायकोला म्हणाला. "भिंतीकडे तोंड करूनच बसायचं असेल तर गळा कापून घ्यायचा कशाला?"

"मग काय करणार?" बायकोने विचारलं.

"ते अजून माहीत नाही. पण बसणार नाही."

दवाखान्यात अशा पेशंटांसाठी एक बाई होत्या. स्पीचवाल्या बाई म्हणायचे सगळे त्यांना. दुसऱ्या दिवशी वकील त्यांच्यासमोर बसला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "लिहिता येतं?"

"पेपर रोज मोठ्याने वाचतो मी, पूर्ण दुकानाला. जाहिरातींसकट."

"वाचण्याचं नाही विचारलं. लिहिण्याचं."

वकिलाने आठवून बघितलं. सही येत होती. शेवटचं काही लिहिलं ते कधी? 'उधारी बंद' ही पाटीसुद्धा पेन्शनरने लिहून दिली होती. पेन्शनर म्हणजे रोज सकाळी पहिली दाढी करून घेणारं गिऱ्हाईक, निवृत्त माणूस, वेळच वेळ.

बाई म्हणाल्या, "ऑपरेशननंतर शिकू असं म्हणाल तर तेव्हा नाही होणार. तेव्हा राग येतो, रडू येतं, पेन भिरकावून द्यावंसं वाटतं. हाताला सवय आत्ता लावा. रोज एक ठरलेली वेळ, वीस मिनिटं. चांगलं लिहा, वाईट लिहा, एक ओळ लिहा. पण खाडा नाही."

"खाडा तर मी दुकानाचाही करत नाही," वकील म्हणाला. बाईंना हे असे शूर रोज भेटत असणार. त्या नुसत्या हसल्या.

सकाळी सहाची वेळ ठरली. साडेसातला दुकान उघडायचं, त्याआधी. बायको घरी शिवणकाम करायची, तिच्या मशीनच्या झाकणावर नवी कोरी शंभरपानी वही ठेवून वकील बसला. आणि खरं सांगायचं तर तोंडावर आपटला. ज्या माणसाला गप्प करायला लोकांना हात जोडावे लागायचे, त्याच्यासमोर कोरं पान आलं आणि शब्दच फुटेना. पेन तर असं आवळून धरलेलं की दुसऱ्याच ओळीला कागद फाटला. वीस मिनिटांत घाम आला आणि पानावर उमटलं ते एवढंच: 'आज सकाळी उठलो. चहा घेतला.'

बायकोने खांद्यावरून डोकावून बघितलं. "हे तर मलाही माहीत आहे. चहा मीच केला होता."

दुसऱ्या दिवशी: 'आज पण उठलो.' तिसऱ्या दिवशी बायकोने वाचून पदर तोंडाला लावला, पण खांदे हलायचे ते हललेच. वकिलाचं डोकं फिरलं. त्याने वही मिटली आणि बजावलं, "ऑपरेशन होऊन मी परत दुकानात उभा राहीपर्यंत ह्या वहीला हात लावायचा नाही. बघायचंसुद्धा नाही."

"नाही बघत बाबा," ती म्हणाली. "उठलात एवढं कळलं, पुरे झालं."

चौथ्या, पाचव्या, सहाव्या दिवशीही तेच. बसायचा तो मात्र बसायचाच. घड्याळात सहा वाजले की मशीनच्या झाकणासमोर स्वारी हजर. वीस मिनिटं संपेपर्यंत उठायचा नाही, मग पान कोरं का राहीना. हात मात्र हळूहळू सैल झाला. एका सकाळी त्याच्या लक्षात आलं की वस्तरा आपण कधी आवळून धरत नाही. बोटांत नुसता टेकवलेला असतो, करंगळी मोकळी. त्याने पेन तसं धरलं. बघणाऱ्याला हसू आलं असतं, पण अक्षर सुटं झालं, कागद फाटायचा थांबला.

राहता राहिले शब्द. ते सुचले आठव्या दिवशी, आणि तेही अपघाताने. बायको मटार सोलायला बसली होती. खोली लहान, तिचं स्टूल त्याच्यासमोर आलं आणि तिची पाठ त्याच्याकडे. वकिलाची नजर पानावरून उठून तिच्या डोक्यावर गेली. अंबाडा, मान, दोन्ही कान. आणि काय झालं कोण जाणे, त्याला एकदम दुकानातल्यासारखं वाटलं. तोंडात गोष्ट आली. त्याने ती तोंडातून न सोडता पेनातून सोडली. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली, तिचे मटार संपले आणि ती उठायला लागली तसा हा ओरडला, "बस, बस! हलू नकोस!"

"काय झालं?" ती दचकली.

"समोर डोकं हवं."

"कसलं डोकं?"

"माझ्या आयुष्यात मी कुणाच्या तोंडाकडे बघून बोललोय का? कायम डोक्याच्या मागे उभा. समोर डोकं असलं की मला सुचतं. नसलं की नाही. तू बस गपचूप."

आता दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, मला काय दुसरे उद्योग नाहीत? ही पण म्हणाली तसं. पण दुसऱ्या दिवशी सहाला भाजीची पाटी घेऊन पाठ करून बसली, आणि नंतर रोज बसली. भाजी नसली की काज-बटणं घेऊन बसायची. मागून पेनाचा आवाज ऐकू यायचा, मधूनच एखादं खुदकन हसू. वळून बघायची तिला भारी इच्छा व्हायची. पण शब्द दिला होता, आणि शिवाय वळली की डोक्याच्या जागी तोंड आलं असतं आणि साहेबांची गाडी अडली असती.

अर्धं पान, मग एक, मग दीड. जसं बोलायचा तसंच लिहायचा. एका सकाळी रिकाम्या पोटी रक्त द्यायला प्रयोगशाळेत जायचं होतं, सहाची वेळ रांगेतच येणार होती. वकिलाने वही बरोबर नेली. पुढच्या माणसाला छान गोल टक्कल होतं. त्या टकलाकडे बघून त्याने उभ्याउभ्या सव्वा पान काढलं, आणि पुढच्या माणसाने दोनदा वळून आपल्या डोक्याला काही लागलंय का ते चाचपून बघितलं.

बायकोने आणखी एक नियम काढला. संध्याकाळी अर्धा तास बोलायचं नाही, जे काय हवं ते लिहून. तिथे पहिलं भांडण झालं. कशावरून ते दोघांनाही नंतर आठवेना. वकिलाने तणतणत कागद ओढला, दोन ओळी लिहिल्या, तिसरीला थांबला, एक शब्द खोडला, आणि तेवढ्यात राग उतरला. रागच उतरल्याचा त्याला एवढा राग आला की त्याने पेन ठेवून घोगऱ्या आवाजात बोंब मारली, "धड भांडतासुद्धा येत नाही ह्याच्यात!" नियम मोडला म्हणून तिने दहा मिनिटं वाढवून दिली.

ऑपरेशन झालं. नऊ तास चाललं. शुद्धीवर आला तेव्हा नाकात नळी, मानेला भोक, आणि उशाशी बसून रडून रडून डोळे सुजलेली बायको. त्याने बोटांनी खूण केली. तिने कोरा कागद पुढे धरला. अक्षर गडगडत उताराला गेलं, पण वाचता आलं: 'उठलो. चहा मिळेल का?' ती रडता रडता हसली, आणि शेजारच्या पलंगावरच्या बाईंना वाटलं, हिचं डोकं फिरलं.

वॉर्डात तर त्याने धमाल उडवून दिली. पंधरा दिवसांत दोन पॅड संपवले. नर्सला लिहून सांगायचा, शेजारच्या पेशंटला लिहून सांगायचा, झाडूवाल्या मावशींना लिहायचा तर त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांच्यासाठी चित्र काढायचा. एकदा नर्स वैतागून म्हणाली, "काका, जरा गप्प बसा हो!" वकिलाच्या आयुष्यात त्याला मिळालेली ही सगळ्यात मोठी पावती. स्पीचवाल्या बाई बघून गेल्या आणि म्हणाल्या, "तुमची मला काळजी नाही."

काळजी करायला हवी होती.

दोन महिन्यांनी दुकान उघडलं. गळ्याला लावायचं ते मशीन काही त्याला जमलं नव्हतं. मानेच्या भोकावर मऊ जाळीचं कापड, कारण कापलेला एक केस आत गेला तर खोकून जीव जायचा. पावडरचा डबा फळीवरून हद्दपार. आणि खुंटीला टांगलेली पांढरी पाटी, पुसता येणाऱ्या शाईचं पेन दोरीला बांधलेलं. बाकडं साडेसातलाच भरलं होतं. लोक उभे होते. पेन्शनर मानाने पहिला खुर्चीत बसला. वकिलाने फेस लावला, एक गाल केला, आणि गोष्ट सांगायची वेळ आली तेव्हा वस्तरा ठेवून हात पुसले, पाटीवर झरझर लिहिलं, आणि नेहमी जिथून बोलायचा तिथून, म्हणजे पेन्शनरच्या डोक्यामागून, पाटी वर धरली.

पेन्शनरने आरशात बघितलं. आरशात अक्षरं उलटी.

"हे काय लिहिलंयस रे?" पेन्शनर म्हणाला. शिवाय दाढीसाठी त्याने चष्मा काढून खिशात ठेवलेला. वकील वळसा घालून पुढे आला. तर पेन्शनरची मान पुन्हा मागे टेकलेली, डोळे छताला. मान सरळ केली, खिशातून चष्मा काढून त्याच्या फेसाळ नाकावर चढवला, तेव्हा कुठे त्याने वाचलं, आणि तोवर दुसऱ्या गालावरचा फेस वाळून कडक झाला होता. बाकड्यावरच्यांना तर पाटीची पाठच दिसत होती.

हे कसं सुचलं नाही? रोज वीस मिनिटं घाम गाळला, पेन धरायला शिकला, पानंच्या पानं भरली, आणि आपण उभे कुठे असतो आणि गिऱ्हाईक बघतं कुठे, एवढं ध्यानात आलं नाही! वॉर्डात सगळे तोंडासमोर होते. जन्मभर डोक्यांच्या मागे उभं राहिलेल्या माणसाला हीच गोष्ट दिसली नाही, कारण ती त्याच्या इतकी अंगवळणी पडलेली होती. हातात कात्री असेल तर पेन नाही, पेन असेल तर कात्री नाही, आणि समोरच्याचे डोळे भलतीकडे.

तीन दिवस त्याने रेटलं. तीन दिवस दुकानात कात्रीचा आवाज तेवढा होता. कटिंग झाली की लोक उठून जायला लागले. तिसऱ्या दिवशी पेन्शनर त्याच्या खांद्यावर हात ठेवून मायेने म्हणाला, "राहू दे रे वकिला. तू नको त्रास करून घेऊस. आम्ही बसतो शांतपणे." हे वाक्य वकिलाला गाठीच्या निदानापेक्षा जास्त लागलं. त्याने मान हलवली, दुकान वेळेआधी बंद केलं आणि घरी येऊन पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी सहा वाजले. बायको स्टुलावर पाठ करून बसली, हातात काज-बटणं. सहा दहा झाले. सव्वासहा झाले. पेनाचा आवाज नाही. तिने वळून बघितलं, तर तो पलंगावर, जागा, भिंतीकडे तोंड करून.

तिचा जीव असा घाबरला की ती किंचाळलीच. "उठा! आधी ह्या कुशीवर वळा! भिंतीकडे बघायचं नाही, सांगून ठेवते!"

तो वळला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याने उशाजवळचा कागद ओढून लिहिलं: 'उपयोग नाही. त्यांना दिसत नाही.'

"कुणाला दिसत नाही?"

त्याने सगळं लिहिलं. आरसा, चष्मा, छत, सगळं. तिने उभ्याने वाचलं. आणि तिला जी चीड आली, ती जन्मात आली नव्हती. "अहो, मग त्यांना दाखवायचं कशाला? डोळे मिटून बसतात ना ते? कान उघडे आहेत ना? इतके दिवस पाठ करून बसलेय मी त्या स्टुलावर. माझी मान आखडली. आणि तुम्ही म्हणता उपयोग नाही? कुठे आहे ती वही? तुम्ही दुकानात उभे राहिलात ना परत? मग माझा शब्द सुटला."

दुकानाची वेळ होताच वही काखेत मारून ती निघाली. वकील शर्टाची बटणं लावत मागून पळाला.

त्या बाकड्यावर आजवर एकही बाई बसली नव्हती. ती दारात दिसली तशी सगळे सावरून बसले. एकाने तर पाय खाली घेतले. "सरका," ती म्हणाली, आणि मधोमध बसली. जादा किल्लीने दुकान उघडून पेन्शनर खुर्चीत बसलेला होताच. वकिलाने काही न कळून सवयीने फेस लावला. तिने वही उघडली, उठलो-बिठलोची पानं ओलांडली आणि वाचायला लागली.

"'एकदा एक नवरदेव दाढीला आला. म्हणाला तासाभरात लग्न आहे मिशी नीट कोर. मी बोलण्याच्या नादात अर्धी उडवली...'"

घाबरून ती आगगाडीसारखी वाचत सुटली होती. वकिलाने फणी उचलून खुर्चीच्या दांडीवर वाजवली. टक. ती थांबली. त्याने हाताने खूण केली, हळू. मग पुन्हा टकटक, म्हणजे चल पुढे. बाकड्याला लगेच कळलं काय चाललंय ते. माणसं पुढे झुकली.

"'अर्धी मिशी ठेवून लग्न कसं लागणार? उरलेली पण काढली. आता हॉलच्या दारात सासरा ह्याला आत सोडेना. म्हणाला, फोटोत मिशी होती, हा तो मुलगा नव्हे.'" इथे बायकोलाच हसू फुटलं. गोष्ट बाकड्याने पन्नास वेळा ऐकलेली होती. संसाराला एकतीस वर्षं झालेल्या बाईने ती आज पहिल्यांदा वाचली. डोळे पुसून ती पुढे गेली. "'मला बोलावणं आलं. मी म्हणालो, मी साक्ष देतो, हाच तो. सासरा म्हणाला, साक्ष कुणीही देईल. पुरावा आहे?'"

टक. वकिलाचा वस्तरा पेन्शनरच्या गालावरून अलगद हवेत गेला.

टकटक.

"'मी खिशातून कागदाची पुडी काढून उघडली. म्हणालो, ही घ्या मिशी. त्या दिवसापासून लोक मला वकील म्हणतात.'"

पेन्शनर खुर्चीत उडाला. बाकडं तर कोसळलंच. बाहेर रस्त्यावरून जाणारे दोघे आत डोकावले. पेन्शनरच्या गालावर ओरखडा नव्हता. आणि वकील! आवाज नाही, पण तोंड उघडून, खांदे हलवून, मानेच्या भोकातून फसफस वारा सोडत तो हसत होता. एका गोष्टीवर दुसरी झाली, दुसरीवर तिसरी. फणी वाजत होती, वस्तरा चालत होता. कुणीही उठून जात नव्हतं.

मग तिने आणखी एक पान उलटलं. "'उद्या ऑपरेशन. आज गोष्ट नाही,'" तिने वाचलं आणि ती थांबली. वकिलाने नादात फणी वाजवली, टकटक, आणि मग त्याला आठवलं ते कुठलं पान आहे. त्याचा हात तसाच राहिला. आरशात ती दिसत होती. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. त्या पानावर लिहिलं होतं:

'रोज तुझ्या डोक्याकडे बघून मी दुसऱ्यांच्या गोष्टी लिहिल्या. आज बसलो तर नुसते तुझे केस दिसले. कानामागे सगळे पांढरे झालेत. कधी झाले? अख्ख्या गल्लीत कुणाचं टक्कल कुठून सुरू झालं ते मला पाठ आहे. तुझं माहीत नाही. दुकानात दिवसभर बोलून मी घरी रिकामा यायचो. तू वाढताना काहीबाही सांगायचीस आणि मी हं हं करायचो. आवाज होता तेव्हा तुझ्याशी बोललो नाही. उद्या आवाज जाईल त्याचं वाईट वाटतंय, पण ह्याची लाज वाटते, आणि ती जास्त आहे.'

पेन्शनर डोळे मिटूनच म्हणाला, "वाचा की वहिनी. पुढे काय झालं?"

तिने नाक ओढलं, पदराने डोळे कोरडे केले आणि ते पान वहीतून हळूच, शिवणीला धक्का न लावता काढून घडी घातली.

"हे दुकानाचं नाही," ती म्हणाली. "हे घरचं आहे." आणि आरशातल्या नवऱ्याकडे बघून, सगळ्यांदेखत, "आणि उद्यापासून आधी घरचं पान. मग दुकानाचं. कळलं?"

वकिलाने मान हलवली. मग एकदा हलवून भागेना म्हणून पुन्हा हलवली.

ह्याला आता चार वर्षं झाली. वह्या किती झाल्या ते विचारू नका. रोज दोन पानं, एक घरचं, एक दुकानचं, आणि आजवर खाडा नाही.